चळतीतला पुरावा: एडगर चर्च संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

जुनी मराठी कॉमिक्स आणि मुलांची मासिकं यांच्यासाठी नोंदपत्रक करायचं ठरलंय. त्याचा आराखडा हवेत करत बसण्यापेक्षा एखादा नावाजलेला संग्रह आधी त्यातून चालवून बघू, असं कालच्या बैठकीत ठरलं. कुठला, यावर फार वाद झाला नाही. डेन्व्हरचा एडगर चर्च संग्रह, ज्याला खरेदी-विक्रीच्या दुनियेत ‘माइल हाय’ म्हणतात. जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्ये याच्याइतका मान दुसऱ्या संग्रहाला नाही. अंक अठरा ते बावीस हजारांच्या घरात, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५०च्या दशकापर्यंतचे, आणि त्यातले कित्येक असे की काल संध्याकाळी स्टॉलवरून उचलून आणलेत असं वाटावं.

पत्रकात सध्या दोन मोठे भाग आहेत: ‘कुठून आलं’ आणि ‘कसं आहे’. आराखड्यात हे भाग दोघांनी स्वतंत्रपणे भरायचे आहेत. चर्च संग्रहापुरते दोन्ही माझ्याकडे आलेत.

५ जून

आज फक्त माणूस आणि घर.

एडगर चर्च, जन्म १८८८, मृत्यू १९७८. व्यवसायानं जाहिरातींचा चित्रकार. टेलिफोन कंपनीच्या यलो पेजेससाठी दुकानदारांच्या जाहिराती काढून द्यायचा. म्हणजे छापील चित्राकडे बघायची सवय पोटापाण्याचीच. मासिकांतली चित्रं संदर्भासाठी कापून ठेवायचा, पण कॉमिक्सना कात्री लावली नाही. अंक आणायचा आणि तळघरातल्या एका कोठीत चळतीवर चळत रचायचा. वय पन्नाशीचं आणि हाती सुपरमॅनचे अंक! त्या काळी शेजाऱ्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

जानेवारी १९७७मध्ये चर्च थकलेला होता, घर विकायला निघालं होतं, आणि घरच्यांना तळघर रिकामं करून हवं होतं. बराचसा कागद कचऱ्याच्या वाटेवरच होता. त्यांनी ज्याला बोलावलं तो चक रोझान्स्की, बोल्डरच्या ‘माइल हाय कॉमिक्स’ या दुकानाचा मालक. वय एकवीस. त्यानं सगळा लॉट उचलला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल उंच. शहराचं टोपणनाव दुकानाला लागलं आणि दुकानाचं संग्रहाला. चर्चचं नाव बरंच नंतर रुळलं.

‘कुठून आलं’ भागातली पहिली नोंद त्यामुळे फारच सोपी निघाली. स्टॉल, मग चर्च, मग रोझान्स्की, मग ग्राहक. मधे एकही रद्दीवाला नाही, एकही भाचा-पुतण्या नाही. अशी सरळ साखळी मिळते कुठे?

६ जून

सरळ साखळी म्हटलं खरं, पण तिची पहिली कडी, म्हणजे स्टॉल ते चर्च, कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पत्रकात ‘कोणी सांगितलं’ हा रकाना टाकायचा.

१० जून

कालपासून याच रकान्यावर अडकलोय.

कोठीत चळती कशा होत्या, पुढच्या काढल्यावर मागे आणखी कशा निघाल्या, घरच्यांशी बोलणं काय झालं, हे सगळं आपल्यापर्यंत मुख्यतः एकाच माणसाकडून येतं, आणि तो माणूस खरेदीदार आहे. रोझान्स्कीनं ही हकिगत पुढे स्वतः सविस्तर लिहिली. वाचायला ती झकास आहे. पण याच अंकांवर त्याचा धंदा उभा राहिला. ‘हे अंक इतरांसारखे नाहीत’ हे पटवून देण्यात त्याचा फायदा होता. ओव्हरस्ट्रीटचं भावदर्शक पुस्तक १९७०पासून निघत होतं आणि सगळे त्यातल्या भावाला धरून चालायचे. रोझान्स्कीनं त्यापेक्षा चढा भाव लावला आणि पुष्कळ संग्राहक खवळले. नंतर त्यांनीच रांगा लावल्या, हा भाग वेगळा.

तो खोटं सांगतोय असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच, की विकणाऱ्याच्या तोंडची हकिगत ही एक साक्ष आहे आणि साक्षीला दुजोरा लागतो. कोर्टात लागतो, सातबाऱ्यावर लागतो, इथे का नको? आता दुजोरा देणार कोण? चर्चनं वही ठेवल्याचं कुठे दिसत नाही. पावत्यांचा तर प्रश्नच नाही. दहा सेंटच्या अंकाची पावती कोण देतो?

उरतो तो कागद.

१४ जून

आजचा दिवस कागदाचा. हा भाग जरा लांबणार.

त्या काळचं अमेरिकन कॉमिक म्हणजे आत ६४ पानं न्यूजप्रिंट, बाहेर जरा चकचकीत मुखपृष्ठ, मधे दोन लोखंडी पिना. न्यूजप्रिंट लाकूड नुसतं भरडून करतात. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं. त्याला हवा आणि उजेड मिळाला की ते पिवळं, मग तपकिरी पडत जातं. सोबत आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू तोडतं. शेवटी पान दुमडलं की पापडासारखा तुकडा हातात येतो. दमटपणा असेल तर ही तोडफोड जोरात होते, पिना गंजतात आणि गंज कागदात उतरतो.

आता चर्चची कोठी बघा. तळघर, म्हणजे गारवा आणि अंधार. कोलोरॅडोची हवा मुळात कोरडी. अंक एकावर एक घट्ट, म्हणजे दोन अंकांच्या मधे हवेला शिरायला वाव नाही. वजनानं सगळे सपाट. कुणी वारंवार उपसून वाचत नव्हतं, त्यामुळे पाठीवर उघडमिटीच्या रेघा नाहीत. या सगळ्याचा परिणाम एकाच दिशेनं व्हायला हवा, आणि झालाय तसाच: पांढरी पानं, ताजे रंग, धारदार कोपरे.

इथे एक बारकावा आहे. घट्ट चळत हे काही सरसकट वरदान नव्हे. कागदातून निघणारी आम्लाची वाफसुद्धा तिच्यात कोंडून राहते. हीच चळत गिरगावातल्या माळ्यावर चार पावसाळे काढू दे, मग बघा: मधले अंक एकमेकांना चिकटतील आणि बाहेरच्यांना कसर लागेल. म्हणजे चर्चचे अंक चळतीनं एकटीनं राखलेले नाहीत. गारवा, कोरडेपणा, अंधार, दाब आणि एका माणसाचं हात न लावणं, एवढं सगळं एकत्र आलं तेव्हा ते टिकले. यातलं एकही कमी असतं तर आज कागदावर त्याची खूण दिसली असती.

म्हणून मी असं मांडतोय: शेकडो वेगवेगळ्या मालिका, निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे कागद, आणि तरी सगळ्यांची अवस्था एकसारखी. हे कुणाला बनवून आणता येत नाही. सुटेसुटे चांगले अंक जमवले असते तर एक पांढरा, एक मलईच्या रंगाचा, एक कडेला तपकिरी असं निघालं असतं. रोझान्स्कीच्या हकिगतीला दुजोरा देतो तो हा सारखेपणा.

१५ जून

सहकाऱ्याचा प्रश्न: मग ‘कसं आहे’ हा भाग ‘कुठून आलं’च्या आधी भरायचा का? उत्तर अजून नाही. दोन्ही भाग एकाच माणसानं भरावेत, एवढं मात्र मला पटत चाललंय.

१९ जून

तुलनेसाठी बाकीचे नामांकित संग्रह. अमेरिकेत यांना ‘पेडिग्री’ म्हणतात. ढोबळ अट अशी, की एकाच मूळ मालकानं नवे असताना घेतलेले, संख्येनं भरपूर, अवस्थेनं वरचढ.

सॅन फ्रान्सिस्को संग्रह टॉम रायलीचा. मुलगा दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना मारला गेला, आईबापांनी अंक जपले, १९७०च्या दशकात ते बाजारात आले. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची याच संग्रहातली प्रत २०२२मध्ये ३० लाख डॉलरच्या वर गेली. चर्चचं तळघर आणि हे घर यांत फरक काय? इथे जपणाऱ्यांना कॉमिक्सशी देणंघेणं नव्हतं. मुलाची वस्तू म्हणून ठेवली. हात न लावण्याचं कारण दुःख. परिणाम कागदावर तोच.

लार्सन संग्रह, नेब्रास्का. औषधांच्या दुकानात अंक आला की दुकानदार लार्सन नावाच्या मुलासाठी बाजूला काढून ठेवायचा आणि मुखपृष्ठावर पेन्सिलीनं ‘लार्सन’ लिहायचा. ओकाजिमा संग्रहाच्या अंकांवरही तसंच आडनाव आहे. महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना ज्या छावण्यांत डांबलं होतं, तिथल्या वाचकाचा हा संग्रह. निव्वळ प्रतवारीच्या नजरेनं मुखपृष्ठावर नाव लिहिलेलं असणं हा दोष. पण इथे तेच नाव अंकाचा जन्मदाखला आहे.

विल्यम गेन्सच्या फाइल प्रती तर वेगळीच गोष्ट. ईसी कॉमिक्सचा हा प्रकाशक प्रत्येक अंकाच्या साधारण डझनभर प्रती गुंडाळून सीलबंद करून ठेवायचा. स्टॉलवर कधी गेल्याच नाहीत. तिथे साक्षीदार प्रकाशक स्वतः.

आणि एक नमुना पेडिग्रीबाहेरचा: ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची (१९३९) ‘पे कॉपी’. कुणाला किती पैसे द्यायचे याच्या पेन्सिलनोंदी लॉइड जॅकेटनं, म्हणजे अंक तयार करून देणाऱ्या संस्थेच्या प्रमुखानं, सरळ अंकातच करून ठेवल्या. हिशेबाची वहीच झाली ती. २०२२मध्ये २४ लाख डॉलरला गेली. कोऱ्या प्रतीला जे मिळालं नसतं ते या खरडीमुळे मिळालं.

२४ जून

आज एकच प्रत, सावकाश. ‘फ्लॅश कॉमिक्स’चा पहिला अंक, जानेवारी १९४०, चर्चची प्रत. लिलावासाठी काढलेला मोठा फोटो पडद्यावर ताणून बघत बसलो. प्रतवारी ९.६, दहापैकी. ८५ वर्षांच्या न्यूजप्रिंटला ९.६!

मुखपृष्ठावर बंदुकीची गोळी हातानं अडवणारा फ्लॅश. मी चित्र सोडून कडा बघितल्या. पाठ वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत, कुठे पीळ नाही. गुंडाळून धरून वाचलेल्या अंकाची पाठ एका बाजूला कलते, तसं इथे काही नाही. पिनांच्या जागी शाई फुटलेली नाही. कोपरे चौकोनी. गडद रंगावर पाठीलगत ज्या बारीक पांढऱ्या रेघा पडतात, त्या शोधाव्या लागतात. वाचला असेल तर एकदाच, टेबलावर सपाट ठेवून आणि हात धुऊन.

या संग्रहातल्या पुष्कळ अंकांच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीचा बारीकसा संकेत असतो, अक्षरं किंवा आकडे. वितरणाच्या वेळची खूण. आजही एखादी प्रत चर्चची आहे की नाही हे ठरवताना जाणकार आधी तो संकेत बघतात, मग कागद, मग जुने फोटो. गंमत अशी, की कुणी ‘स्वच्छ’ करायच्या भरात ती पेन्सिल खोडली, तर प्रत दिसायला सुधारेल आणि ओळखीला मुकेल.

पत्रकासाठी: ‘खुणा’ हा रकाना ‘दोष’ या रकान्याच्या पोटात होता, तो बाहेर काढला. नाव, शिक्का, संकेत, तारीख, अर्पण, हिशेब हे सगळं जसंच्या तसं उतरवायचं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही.

२७ जून

प्रतवारीबद्दल बरंच वाचून झालं. नोंद ठेवतो, कारण इथे माझं मत जरा तिखट आहे.

१९७७ साली भाषा ढोबळ होती: गुड, फाइन, मिंट. सीजीसी ही प्रतवारी करणारी कंपनी २०००च्या सुमारास सुरू झाली. तेव्हापासून अर्ध्यापासून दहापर्यंतचे आकडे, पानांच्या रंगाला वेगळा शेरा, आणि अंक प्लास्टिकच्या कडक पेटीत बंद. त्यामुळे १९७७चं ‘मिंट’ आणि आजचं ९.४ एका ओळीत मांडायचं नाही. जुना शेरा जुन्याच शब्दांत, वर्ष घालून, वेगळ्या रकान्यात.

पेटीनं फसवाफसवी कमी झाली, हे मान्यच. दुरुस्ती केलेला अंक पेटीवरच्या वेगळ्या रंगाच्या लेबल-पट्टीनं ओळखू येतो. रंग भरलेला, तुकडा जोडलेला, कड कापलेली, हे आता सहज लपत नाही. पण पेटीत गेलेल्या अंकाचं आतलं पान पुन्हा कुणी बघत नाही. वास तर गेलाच. चर्चच्या अंकांबद्दल जुने लोक कागदाच्या ताजेपणाविषयी बोलतात ते उघडून बघितल्यामुळे. आज आपल्या हाती येतो तो पट्टीवरचा ‘व्हाइट’ असा शेरा.

त्यातून ‘प्रेसिंग’. अंकाला बेताची ओल देऊन, उष्णता आणि दाब लावून मुडपे आणि लहर काढतात. रंग न फुटलेली घडी अशी नाहीशी होते. सीजीसी याला दुरुस्ती मानत नाही. संग्राहकांत यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. व्यापाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ९.२चं ९.४ झालं की लाखांचा फरक पडतो, मग कोण सोडेल? पण आपल्या कामाच्या दृष्टीनं ही सरळ पुराव्याशी छेडछाड आहे. चळतीत वरचा अंक किंचित सरकलेला असेल तर खालच्याच्या कडेवर धुळीची पट्टी उमटते. ती बघून कुठला अंक कुठे होता याचा अंदाज येतो. चर्चच्या तळघरातल्या दाबानं आलेला सपाटपणा आणि गेल्या वर्षी यंत्रात आलेला सपाटपणा एकदा एकमेकांत मिसळले, की वेगळे करायची सोय नाही.

आणि एक: तोच अंक पेटी फोडून पुन्हा तपासायला पाठवला आणि जुनी पट्टी परत केली नाही, तर सीजीसीच्या मोजदादीत एकाच्या दोन प्रती दिसतात.

२ जुलै

पावसानं जोर धरलाय. घरातली इंद्रजाल कॉमिक्सची पेटी उघडून वारा दिला, आणि मराठी वेताळाचा (म्हणजे फँटमचा) एक अंक चाचणी म्हणून टेबलावर घेतला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४मध्ये ही माला सुरू केली. १९९०पर्यंत ८०३ अंक निघाले आणि मराठीतही ती घरोघर वाचली गेली.

माझ्या प्रतीची अवस्था: मुखपृष्ठ खालच्या पिनेपाशी सुटलेलं. पिनेभोवती गंजाचं तपकिरी वलय, आरपार तीन-चार पानांत उतरलेलं. पाठीलगत सुईची भोकं, म्हणजे कधीतरी दहा-बारा अंक एकत्र शिवून बाइंडिंग केलं होतं. बाइंडरनं वरची कड मशीनवर सफाचट केली, त्यात एका फुग्यातली पहिली ओळ अर्धी गेलीय. आतल्या पानावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, तोही अर्धवट. उजव्या खालच्या कोपऱ्याला बोटांचा मळ, पानं उलटून उलटून तिथला कागद मऊ कापडासारखा झालाय. शेवटच्या पानावर शाईच्या पेनानं एका मुलाचं नाव आणि ‘इयत्ता ६ वी ब’.

अमेरिकन मोजमापानं याला दीड मिळाला तरी पुष्कळ. पण नोंदपत्रक चर्चपेक्षा जास्त भरलं! चर्चची प्रत सांगते की हिला कुणी हात लावला नाही. ही सांगते की हिला कोणी कोणी हात लावला, कुठल्या वाचनालयात होती, बाइंडरकडे गेली, तिथून सुटी होऊन एका सहावीतल्या मुलाकडे आली. त्याचं नाव पत्रकात उतरवलं, पण बाहेर द्यायच्या यादीत ते झाकायचं. तो माणूस आज साठीला आला असेल आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

६ जुलै

किमतीचा रकाना हवा की नको, यावर फोनवर तासभर घासाघीस. मी ‘नको’च्या बाजूनं.

हॉलिवूडचा नट निकोलस केज याच्या प्रतीचं उदाहरण दिलं. ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, जून १९३८, सुपरमॅनचं पदार्पण. २०००मध्ये त्याच्या घरून चोरीला गेला, २०११मध्ये कॅलिफोर्नियात एका भाड्याच्या गोदामात सापडला, आणि त्याच वर्षाअखेर २१ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. मधल्या काळात कागदात काही सुधारणा झाली होती का? चोरी आणि नटाचं नाव किमतीत जमा झालं. किंमत आपल्या पत्रकात आली की बाकीचे रकाने तिच्या तोंडाकडे बघत भरले जातील. शेवटी मागच्या बाजूला ‘व्यवहार’ म्हणून एक ओळ, तारीख आणि कोणाकडून कोणाकडे. आकडा ऐच्छिक.

९ जुलै

चर्चचा ‘अॅक्शन’ एक. हा अंक संग्रहात होता, आज एका खासगी संग्राहकाकडे आहे, आणि सीजीसीच्या पेटीत गेलेला नाही. ज्यांनी बघितलाय ते म्हणतात, जगातली सर्वांत चांगली प्रत हीच. कोट्यवधींचा अंक, आणि आकडा नाही.

मला हे फार आवडलं. ‘प्रतवारी’ रकाना रिकामा, ‘पाहणाऱ्यांची साक्ष’ भरलेला. पत्रक रिकाम्या रकान्यासकट पूर्ण मानायची सोय हवी, नाहीतर भरणारा काहीतरी अंदाजपंचे ठोकून देतो.

एक विचार जाता जाता. चर्चचे अंक दुर्मीळ झाले ते बाकीचे नष्ट झाले म्हणूनही. महायुद्धात मुलांनी कागद गोळा करून देशाला दिला, त्यात कॉमिक्सच्या राशी गेल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कॉमिक्सनं मुलं बिघडतात असा गदारोळ झाला, गावोगाव अंक जाळले गेले, १९५४मध्ये अमेरिकन सिनेटची समिती बसली. आयांनी माळे साफ केले ते वेगळंच. या प्रतीच्या ‘कुठून आलं’मध्ये खरं म्हणजे हेसुद्धा यायला हवं, पण त्याला रकाना कसा करणार? ‘टीप’मध्ये घालायचं.

१२ जुलै

बैठक झाली. पत्रकाचे दोन भाग मोडले. आता एकच सलग यादी, एकाच माणसानं, अंक समोर ठेवून भरायची. क्रम असा ठरला: आधी कागद, पिना, पाठ आणि कडा जशा दिसतात तशा, मग खुणा, मग त्या खुणांवरून आणि झिजेवरून अंकाच्या साठवणीबद्दल काय अनुमान निघतं, आणि त्यानंतरच मालकानं सांगितलेली हकिगत, ‘कोणी सांगितलं’ आणि ‘त्याचा अंकाशी संबंध काय’ या दोन ओळींसकट. हकिगत आधी ऐकली की डोळे तेच शोधतात, म्हणून ती शेवटी. अनुमान आणि हकिगत जुळत नसतील तर दोन्ही ठेवायची, खाडाखोड नाही.

साफसफाई, इस्त्री, चिकटपट्टी काढणं यांपैकी काहीही करण्याआधी फोटो सक्तीचे. कडांचे चारही बाजूंनी. मालक मंडळी ‘जरा पुसून देतो’ म्हणतात तेव्हा आधी त्यांच्या हातातलं फडकं काढून घ्यायचं, हे तोंडी सांगायचं ठरलं.

चर्चचं पत्रक नमुना म्हणून जोडतोय, इंद्रजालचं त्याच्या शेजारी. ए-फोरवर दोन्ही बाजूंनी बसतंय, पण ‘खुणा’ला जागा अपुरी आहे. रकाना दुप्पट करून उद्या पुन्हा प्रिंट काढायची.